‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका ख्रिस्ती तरुणाचं पत्र आलं होतं. आईच्या आजारपणात वर्षभर उपास, प्रार्थना, सगळं केलं, तरी आई गेलीच, आता मी चर्चला जात नाही, असं त्याने लिहिलं होतं. पत्र छोटंसंच होतं. पण त्यावर नंतर जी तीन-चार उत्तरं छापून आली ती वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहितेय. एकाने लिहिलं की देवाची परीक्षा घेऊ नये. एका बाईंनी लिहिलं की मोहरीच्या दाण्याएवढा जरी विश्वास असता तर डोंगर हलला असता. आणि एका गृहस्थांनी तर सरळ विचारलंय की घरात कुठलं पाप लपलेलं होतं का ते आधी तपासा. आई गेलेल्या मुलाला! मयताच्या घरी जाऊन कोणी असं तोंडावर बोललं असतं ना, तर आमच्या गावठाणातल्या म्हाताऱ्यांनी त्याला हाताला धरून बाहेर काढला असता. पेपरात लिहायला काय, समोर कोण बसलंय ते दिसतच नाही.

मी स्वतः ख्रिस्ती आहे. माहेर नगरकडचं, प्रोटेस्टंट, सासर मरोळचं ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईतले मूळचे ख्रिस्ती) कॅथलिक, त्यामुळे दोन्हीकडच्या प्रार्थना, दोन्हीकडची गाणी आणि दोन्हीकडचे गैरसमज मला चांगले माहिती आहेत. म्हणजे हे बाहेरून कोणी टीका करतंय असं समजू नका.

मला म्हणायचंय एवढंच की तो मुलगा रागावला यात त्याचं काही चुकलेलं नाही. त्याला सांगितलं होतं एक आणि झालं दुसरं, मग माणूस रागावणार नाही तर काय करणार. प्रश्न हा आहे की त्याला ते सांगितलं कोणी. देवाने तर सांगितलेलं नाही, बायबलमध्ये कुठे असं लिहिलेलं नाही की उपास केला की आई जगेल. सांगितलं आपण. स्टेजवरून सांगितलं, प्रेयर मीटिंगमध्ये सांगितलं, आणि रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर गुलाबाच्या फुलाबरोबर पाठवलं.

त्या फुलांवरच्या वचनांचंच बघा. सगळ्यात जास्त फिरणारं वचन म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 29 व्या अध्यायातलं 11 वं, तुमच्याबद्दलचे माझे संकल्प मला ठाऊक आहेत, ते हिताचे आहेत, वाईटाचे नाहीत, अशा अर्थाचं. नोकरीचा इंटरव्ह्यू असो, बारावीचा रिझल्ट असो, रिडेव्हलपमेंटमध्ये फ्लॅट मिळायचा असो, हे वचन येणारच. मला स्वतःला ते फार आवडतं. पण त्याच्या बरोब्बर वरची ओळ कोणी पाठवत नाही. वरच्या ओळीत लिहिलंय की 70 वर्षं थांबा. बाबेलमध्ये (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून पाठवलेलं ते पत्र आहे, आणि त्यात म्हटलंय की तिथेच घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, मुलांची लग्नं लावून द्या, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. 70 वर्षं म्हणजे हे पत्र ऐकणारी जी मोठी माणसं होती त्यातलं जवळपास कोणीच परत जाणार नव्हतं. हिताचे संकल्प आहेत हे खरंच, पण ते बघायला नातवंडं असणार, तू नसशील, असं ते वचन आहे. हे फुलावर मावत नाही.

आणि त्याच्या आधीचा 28 वा अध्याय तर आपल्याकडे कोणी वाचून दाखवताना मी ऐकलेलंच नाही. तिथे हनन्या नावाचा एक संदेष्टा येतो आणि देवळात सगळ्यांसमोर सांगतो की फक्त दोन वर्षं, दोन वर्षांत सगळे परत येणार. यिर्मयाच्या मानेवर जोखड होतं ते काढून मोडून टाकतो. यिर्मया काय म्हणतो माहितीय? आधी तो म्हणतो आमेन, देव खरंच असं करो. म्हणजे त्यालाही तेच हवं होतं. पण देवाने हे सांगितलेलं नाही, हेही तो नंतर तोंडावर सांगतो. लोकांना हनन्याच आवडला असणार, आजही आवडतो. बायबलमध्ये मात्र खोटा ठरला तो लवकरची तारीख देणारा.

मी एका विम्याच्या ऑफिसात क्लेमच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. प्रेयर मीटिंगमध्ये “वचन क्लेम करा, वचन क्लेम करा” असं ओरडतात तेव्हा मला हसू पण येतं आणि राग पण येतो. कारण टेबलावर रडत आलेल्या माणसांपैकी पुष्कळांचा घोळ सारखाच असायचा, एजंट बोलला होता एक आणि पॉलिसीच्या कागदावर होतं दुसरं. एजंट हप्ता घेऊन गेलेला, फोन उचलत नाही, आणि शिव्या खायला कंपनी. देवाच्या बाबतीत आपण सगळे तसले एजंट होऊन बसलोय असं माझं स्पष्ट मत आहे. अर्थात देवाकडे हप्ता भरायचा नसतो, तिथे सगळं फुकटच आहे, म्हणून ही तुलना मी फार ताणत नाही. पण कागद न वाचता भलतंच कबूल करून येणं, हे तेच आहे.

आता घरातलं सांगते. माझी धाकटी जाऊ. तिला छातीचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, केमो झाली, रिपोर्ट क्लीन आला. अंधेरीकडे एका हॉलमध्ये प्रार्थना भरायची तिथे ती जायची, तिथल्या लोकांनी तिला माईकवर उभं केलं. तिने साक्ष दिली, देवाने मला बरं केलं म्हणून. टाळ्या झाल्या, व्हिडिओ झाला, तो व्हिडिओ कुठे कुठे फिरला. दीडेक वर्षाने आजार परत आला, यावेळी हाडात. आणि मग फोन यायचे थांबले. अगदी खरं सांगते, थांबलेच. एक-दोघांनी येऊन तिला विचारलं की मध्यंतरी मनात शंका आली होती का, कोणावर राग धरलाय का, नवऱ्याच्या घराण्यात कोणी मूर्तिपूजा करायचे का. एकाने तर गोळ्या चालू ठेवणं म्हणजेच अविश्वास आहे असंही सुनावलं, त्याला माझ्या दिराने जिना दाखवला ते बरं केलं.

त्या मे महिन्यात आम्ही बॉटल मसाल्याच्या (बाटल्यांत भरून वर्षभर पुरवायचा आमचा मसाला) मिरच्या वाळत घातल्या होत्या. ईस्ट इंडियन घरात मे महिना म्हणजे मसाला, त्यात सुट्टी नसते. डॉक्टरांनी तिला धुळीत बसू नको म्हणून सांगितलेलं, तरी ही मास्क लावून, हातात प्लास्टिकचे ग्लोव्हज घालून मिरच्यांची देठं काढत बसली. सगळ्या ओरडल्या तर म्हणे माझा हात लागला नाही तर मसाला नुसता लाल होतो, चव येत नाही. आणि देठं काढता काढता मध्येच, वर न बघता, मला म्हणाली, “ताई, मी माईकवर खोटं बोलले का गं?”

मी म्हटलं नाही, त्या दिवशीचा रिपोर्ट खरा होता आणि तुझा आनंद पण खरा होता. तिला ते पटलं की नाही मला माहीत नाही. पण बघा हां, मरणाच्या दारातल्या बाईला काय काळजी पडलीय, तर आपल्यामुळे देवाची साक्ष खोटी पडली याची. हा बोजा तिच्या डोक्यावर देवाने ठेवला नव्हता, आपण ठेवला होता.

नंतर प्रार्थनेला कोणी आलं की ती सांगायची, “बरी व्हायची प्रार्थना जरूर करा, मला बरं व्हायचंयच, पण मी नाही झाले बरी तर परत याल का ते आधी सांगा.” दोघी शेवटपर्यंत येत राहिल्या. आणि आमच्या पॅरिशचे फादर यायचे, ते फार काही बोलायचेच नाहीत, कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) द्यायचे, तेल लावायचे, चहा घ्यायचे, क्रिकेटचा स्कोअर सांगायचे. तिने एकदा त्यांना सांगितलं की मला बरं वाटावं असलं काही वाचू नका, रागाचं काहीतरी असेल तर वाचा. त्यांनी 88 वं स्तोत्र काढलं. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, दीडशे स्तोत्रांमध्ये रडगाणी भरपूर आहेत पण बहुतेक शेवटी वळतात, देवा तरी मी तुझी स्तुती करीन वगैरे. हे 88 वं वळत नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. माणूस देवाला म्हणतोय तू माझे जिवलग माझ्यापासून तोडलेस, तोंड का लपवतोस, आणि बस, संपलं. आणि हे पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे, कोणी काढून टाकलेलं नाही! जावेने ते दोनदा वाचायला लावलं.

आता विश्वास कमी पडण्याबद्दल. प्रेषितांच्या कृत्यांचा 12 वा अध्याय काढा. हेरोद राजाने येशूचा शिष्य याकोब याला तलवारीने मारलं, एका ओळीत संपवलंय. मग दुसरा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकलं, आणि त्याला देवदूताने रात्रीचं बाहेर काढलं, दार आपोआप उघडलं, भली मोठी गोष्ट. एकच अध्याय, एकच मंडळी, एकच देव. याकोबाच्या आईने काय कमी प्रार्थना केली असेल? पेत्राचा विश्वास मोठा होता म्हणावं तर तोच कोंबडा आरवण्याआधी तीनदा म्हणालेला की मी येशूला ओळखत नाही. का एक सुटला आणि एक गेला याचं कारण तिथे दिलेलंच नाही. आणि गंमत म्हणजे प्रार्थना करणाऱ्यांचा स्वतःचाच भरवसा नव्हता, पेत्र दारात येऊन उभा राहिला तर आतले लोक त्या दार उघडायला गेलेल्या मुलीला म्हणाले तुला वेड लागलंय. म्हणजे विश्वासाच्या वजनावर उत्तर मिळतं हा हिशोब तिथेच कोलमडतो.

प्रेषित पौलाने शरीरातला काटा (म्हणजे त्याचं कसलंसं दुखणं) काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे. काटा तसाच राहिला. आणि खुद्द येशूने गेथशेमाने बागेत हा प्याला टळू दे म्हणून मागितलं, तो टळला नाही. आता येशूचाही विश्वास कमी पडला असं लिहिणार का त्या बाई?

आपल्याच महाराष्ट्रातलं बघायचं तर पंडिता रमाबाई. 1858 चा जन्म. दुष्काळात वडील, आई, मोठी बहीण पाठोपाठ गेली, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा कॉलऱ्याने गेला. हे सगळं बाप्तिस्म्याच्या आधीचं, तेव्हा कोणी म्हणेल की तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या म्हणून. ठीक. 1883 ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून उचलून आणलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या किती मुली आणि बायका, त्यांचं जेवणखाण, शिक्षण, छापखाना, वर बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर. आणि एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हातात पुढचं सगळं जायचं होतं, ती 1921 मध्ये आईच्या आधी गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मला त्या गृहस्थांनी सांगावं, रमाबाईंच्या घरात कुठलं पाप लपलेलं होतं?

कॅथलिक बाजूलाही हे कमी नाही, तिथे फक्त रंग वेगळा. माहीमला सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला (ठरावीक वेळा करायची नवसाची प्रार्थना) जी गर्दी होते त्यात ख्रिस्ती नसलेलेही कितीतरी असतात. तिथे आभाराची पत्रं वाचून दाखवतात, नोकरी लागली, मूल झालं, व्हिसा मिळाला. वांद्र्याला मोतमाऊलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाच्या वस्तू मिळतात, पाय दुखतो तर पाय, घर हवं तर घर, मूल हवं तर बाळ. मला यात काही वाईट दिसत नाही, आईकडे हट्ट करायचा नाही तर कोणाकडे करायचा. पण ज्या बाईने वर्षानुवर्षं मेणाचं बाळ वाहिलं आणि पाळणा हलला नाही तिचं पत्र कोण वाचणार? ती पण दर बुधवारी येतेच की. खरं तर तिचीच साक्ष मोठी, काही न मिळता ती येतेय.

चर्च स्वतः याबाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी कंजूष आहे बरं का. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी 1858 पासून लाखो आजारी लोक गेले, बरं झाल्याचे हजारो दावे आले, तिथे डॉक्टरांचं ऑफिसच आहे ते तपासायला, आणि चर्चने अधिकृतपणे चमत्कार म्हणून मान्य केलेले किती, तर सत्तरच्या आसपास. एवढ्या वर्षांत. आणि आपल्याकडे एका संध्याकाळच्या मीटिंगमध्ये स्टेजवर तेवढे होतात!

मुंबईतल्या जुन्या गावठाणांत आणि वाड्यांत रस्त्याच्या कडेला जे क्रूस आहेत त्यातले बरेचसे प्लेगच्या काळातले आहेत. 1896 ला मुंबईत प्लेग आला तेव्हा लोकांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे केले, आमचं रक्षण कर म्हणून. प्लेग काही क्रूस बघून परत गेला नाही, पुढे कित्येक वर्षं येतच राहिला, क्रूस असलेल्या गल्ल्यांतूनही माणसं गेली. तरी लोकांनी ते क्रूस उपटून टाकले नाहीत. उलट तिथेच संध्याकाळी जमून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणत राहिले, अजून म्हणतात, फुलं वाहतात, मेणबत्ती लावतात. माझ्या सासूबाईंच्या पिढीला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या मागायच्या भरपूर, पण देवाशी अटी घालायच्या नाहीत.

मदर तेरेसांची पत्रं 2007 साली बाहेर आली तेव्हा कळलं की त्यांना जवळपास पन्नास वर्षं देव जवळ असल्यासारखं वाटतच नव्हतं. वाटत नव्हतं, तरी रोज पहाटे उठून त्या प्रार्थनेला बसायच्या आणि मग रस्त्यावरची माणसं उचलायला जायच्या. 2016 ला त्यांना संत केलं, ती पत्रं जगजाहीर असताना. प्रार्थनेत काही वाटलंच पाहिजे, अंगावर काटा आलाच पाहिजे, ही अपेक्षा ठेवणाऱ्या आमच्या तरुण मुलांना हे सांगायला हवं. नाहीतर दोन रविवार काही वाटलं नाही की मुलं म्हणतात देव नाहीच.

याचा दुसरा टोकाचा अर्थ पण कोणी काढू नका. काही लोक फार शहाणपणाने सांगतात की देवाकडे काही मागूच नये, अपेक्षाच ठेवू नये म्हणजे निराशा होत नाही. हे ऐकायला बरं वाटतं पण हे येशूचं नाही. तो तर म्हणाला मागा. त्या विधवेची गोष्ट सांगितली, जी जज्जाच्या मागे लागून लागून त्याला वैताग आणते. अर्ध्या रात्री मित्राचं दार ठोकून भाकऱ्या मागणाऱ्याची सांगितली. मागायचं नाही, रडायचं नाही, भांडायचं नाही, मग ते नातं कसलं. नवरा-बायकोत सुद्धा ज्या दिवशी अपेक्षा संपतात त्या दिवशी भांडण थांबतं ते काही चांगलं लक्षण नसतं. माझं म्हणणं अपेक्षा कमी करा असं नाहीये, जे त्याने कबूल केलंय त्याची अपेक्षा गच्च धरा. रोजची भाकर, पापांची क्षमा, युगाच्या शेवटापर्यंत मी तुमच्याबरोबर आहे हा शब्द, आणि मेलेली माणसं उठतील हा. हे काही थोडंथोडकं नाही. बाकी सगळं मागा, मनापासून मागा, औषध घेत मागा, पण ते मिळालं नाही तर देवाने शब्द मोडला असं होत नाही, कारण तो शब्द त्याने दिलेलाच नव्हता.

आणि जे दिलंय ते सुद्धा वेळेवर मिळतं असं नाही. मार्था येशूला काय म्हणाली, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. निरोप तर आधीच गेला होता, हा मुद्दाम दोन दिवस थांबला. तिने तोंडावर सुनावलं आणि त्याने तिला पाप तपास म्हणून सांगितलं नाही, तिच्याशी बोलला, आणि मग कबरेकडे जाताना रडला. तुमच्याकडे उत्तरं लिहून पाठवणाऱ्या आमच्या भाऊबहिणींनी एवढं जरी केलं असतं तरी चाललं असतं. त्या मुलाने देवाला सुनावलंय, देव सोडून दिलेला माणूस असं लिहीत बसत नाही. त्याने लगेच चर्चला यावं असं मी म्हणणार नाही, त्याला वेळ लागेल तेवढा लागू दे.

सगळ्या पास्टर आणि प्रार्थनेच्या लोकांना मात्र हात जोडून सांगते, आजारी माणसाची गोळी बंद करायला सांगू नका. त्याला कसलाच आधार नाही, बायबलचा तर नाहीच. पौलाने आपला साथी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं होतं, आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक डॉक्टरच होता.

गुड फ्रायडेला आमच्याकडे क्रूसावरच्या सात शब्दांवर (म्हणजे येशूने क्रूसावरून काढलेल्या सात उद्गारांवर) उपदेश होतात, तीन तास. चौथा शब्द म्हणजे माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. त्यावर वर्षातून एकदा बोललं जातं आणि तेही बोलणारे घाईघाईत लगेच इस्टरवर येतात. मग उरलेलं वर्षभर माईकवर फक्त जिंकलेलेच. मी आमच्या चर्चच्या कमिटीला लेखी दिलंय की साक्षीच्या वेळेत ज्यांनी मागितलं आणि मिळालं नाही, तरी जे येत राहिलेत, त्यांनाही पाच-पाच मिनिटं द्या. सेक्रेटरी म्हणाले मीटिंगमध्ये ठेवतो, पण लोक उदास होतील अशी त्यांना भीती आहे. मला वाटतं त्यांनी भीती वेगळीच बाळगावी, पहिल्याच रविवारी एवढी लाइन लागेल की उपदेशाला वेळ उरणार नाही.

आपली,
एक वाचक, मरोळ, मुंबई